एका माणसाचं काम

काकूंना राग यायला कारणांची कधीच कमी नव्हती. पण चौतीस वर्षं तो दारावरच्या विक्रेत्यासारखा यायचा, थोडा वेळ ओरडायचा आणि निघून जायचा. त्या रविवारी मात्र तो आला तो थेट घरात येऊन ठाण मांडून बसला.

आधी काका कोण ते सांगायला हवं. काका म्हणजे काकूंचा नवरा. जमीनमोजणीच्या कचेरीत साहेब होते. कचेरीत बेल वाजवली की पाणी यायचं आणि घरी नुसता घसा खाकरला की यायचं. निवृत्त झाल्यावर वर्षभर माणूस घरात भिरभिरत होता. मग एकदा कुणाचं तरी व्याख्यान ऐकून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले की आपण वस्तूंचे गुलाम झालोय, आता साधं जगायचं, आपल्या हाताने करून खायचं. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात, तशातली गत.

शहरातला फ्लॅट गेला. एका लहान गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर घेतलं. पुढे ओसरी, मागे विहीर, बाजूला भाजीचे चार वाफे. कपडे धुवायचं मशीन नणंदेकडे गेलं, मिक्सर आणि फ्रीज शेजाऱ्यांकडे, गॅस तर घेतलाच नाही. विहिरीवर विजेची मोटर होती, ती काकांनी स्वतः काढली. स्वतः काढली म्हणजे वायरमनने काढली आणि काका शेजारी उभे राहिले. काकूंना कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या बहुधा हो म्हणाल्या असत्या, कारण शहराचा त्यांनाही वीट आला होता आणि कमी वस्तूंत जगायला त्या कधीच घाबरल्या नव्हत्या. पण विचारलं नाही ते नाहीच.

ओसरीच्या भिंतीवर काकांनी पाटी लावली. 'या घरात जो तो आपलं काम आपल्या हाताने करतो.' अक्षर सुरेख होतं. पाटी वाचून लोक येऊ लागले, एकाचं बघून दुसरा. दर रविवारी आठ-दहा जण तरी असायचेच, सगळे शहरातले, थकलेले, भले. त्यांच्यासाठी ते 'काका' झाले, आणि काकांची बायको म्हणून या काकू. बघा, टोपणनावसुद्धा बाईला स्वतःचं मिळालं नाही.

पाहुण्यांसमोर काका विहिरीतून एक कळशी ओढत. आपला सदरा आपण धूत. जात्याला दोन फेरे देत, तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून घेई. मग ओसरीवर बसून समाधान या विषयावर बोलत, आणि खरं सांगायचं तर छान बोलत. हे चाललेलं असताना मागच्या बाजूला काकू उरलेल्या तीस कळशा ओढत, उरलेलं पीठ दळत, चुलीवर दहा माणसांचा भात शिजवत. काकांनी धुतलेला सदरा दोरीवरून काढून पुन्हा धूत, कारण काका साबण लावत पण पिळायचं विसरत. जेवण झालं की पाहुणे आपापलं ताट आपण विसळत. विसळत, घासत नव्हते. ते गेले की काकू सगळी ताटं राखेने पुन्हा घासत.

पहाटे काका ओसरीवर डोळे मिटून तासभर प्रार्थनेला बसत. तीच काकूंची पाणी भरायची वेळ. एकदा काका डोळे न उघडताच म्हणाले होते की तो रहाट फार कुरकुरतो, त्याला जरा तेल घाल, मन लागत नाही. काकूंनी तेल घातलं. त्यांचं स्वतःचं मन कुठे लागत होतं की नव्हतं, हा प्रश्नच कधी निघाला नाही. देवाशी त्यांचं बोलणं तुटूनही बरीच वर्षं झाली होती. भांडण नव्हतं, फक्त वेळ मिळत नव्हता.

तर त्या रविवारी पाहुण्यांत एक शाळामास्तरीण आली होती. तरुण, चष्मेवाली, सगळं वहीत लिहून घेणारी. काका सांगत होते की आम्ही दोघं दिवसाला मोजून चार तास काम करतो, बाकीचा वेळ चिंतनाला ठेवतो. काकू नेमक्या तेव्हाच काकांचा पायजमा पिळून दारात उभ्या होत्या, कोपरापासून पाणी गळत होतं. मास्तरणीने त्यांच्याकडे वळून, अगदी मायेने विचारलं, काकू, तुम्हीपण करता चिंतन?

काकूंनी तोंड उघडलं. पण उत्तर काकांनी दिलं.

"तिला त्याची आवड नाही हो. तिचा आनंद कामात."

मास्तरणीने ते वहीत लिहून घेतलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते काकूंना त्या दिवशी कळलं. आवड नाही! चौतीस वर्षांत ज्या माणसाने एकदा विचारलं नाही की बाई, तुला काय आवडतं, तो चारचौघांत सांगतो, तिला आवड नाही. जेवायला वाढलं नाही आणि वर म्हणायचं, तिला भूकच नसते. काकूंनी पायजमा दोरीवर टाकला, पाहुण्यांना जेवायला वाढलं, ताटं घासली. भांडल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर काकांनी शांतपणे रागावर बोलायला सुरुवात केली असती, आणि ते ऐकण्यापेक्षा विहीर जवळ केलेली बरी. पण संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी भिंतीवरची पाटी पुन्हा एकदा वाचली, आणि त्यांच्या मनात आलं की बरं लिहिलंय, असंच करू या.

सोमवारी काकू उठल्या आणि स्वतःचं काम केलं. फक्त स्वतःचं.

पाणी चार कळशा भरलं. आपल्या अंथरुणाची घडी घातली, काकांचं तसंच पडू दिलं. आपले कपडे धुतले. मूठभर तांदूळ शिजवले, वाफ्यातली भाजी केली, जेवल्या, एक ताट, एक वाटी, एक पातेलं घासलं आणि उपडं घातलं. मग पुढचं काम शोधायला वळल्या तर पुढचं कामच नव्हतं. घड्याळात पावणेदहा वाजले होते.

काकूंना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. पुन्हा मनातल्या मनात सगळं मोजलं. पाणी, कपडे, जेवण, भांडी, झाडलोट. झालं होतं सगळं. एका माणसाचं काम एवढंसंच असतं? एवढंसं? मग ती चौतीस वर्षं कुठे गेली? पहाटे पाचपासून डोळा लागेपर्यंत मान वर काढायला फुरसत नव्हती, कंबर मोडून गेली, गुडघे गेले, ते कुणाच्या कामापायी? हिशेब इतका सोपा होता की काकूंना आधी हसू आलं, आणि मग असा काही संताप आला की आत थांबवेना. त्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या.

पहिला तासभर बसवेना. हात सारखे फडकं शोधत होते. कावळा ओरडला तरी वाटे, कुणीतरी हाक मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पायरीवर बसल्याबसल्या त्यांना देवाची आठवण झाली, आणि आठवण झाल्याबरोबर त्यांनी त्याला मनातल्या मनात धारेवर धरलं. म्हणाल्या, तुला डोळे आहेत की नाहीत? माझ्या पाण्याच्या खडखडाटात ह्यांची प्रार्थना मोडते म्हणून मी रहाटाला तेल घालत होते, तेव्हा तू ओसरीवर बसला होतास की विहिरीवर? तिथेच बसून राहिलास ना, सावलीत? मला नव्हतं बोलायचं तुझ्याशी? असं अर्धा तास चाललं होतं. जन्मात कुणाला बोलल्या नव्हत्या ते सगळं त्याला बोलून घेतलं. तो बिचारा काय बोलणार. पण बोलून झाल्यावर काकू गप्प झाल्या, आणि त्या गप्प बसण्यात कुणीतरी शेजारी बसून ऐकत असल्यासारखं वाटलं. विहिरीच्या काठावर एक चिमणी पाणी पीत होती. काकूंनी ती चिमणी पुरी उडून जाईपर्यंत पाहिली. एवढा वेळ त्यांनी आयुष्यात कुठली चिमणी पाहिली नव्हती.

त्या दुपारपासून ती पायरी आणि ती वेळ काकूंची झाली. ती आता कुणालाही द्यायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं. बाकी राग तसाच होता.

आता काका. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं काकूंना बरं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं रुसल्यात. तिसऱ्या दिवशी ते पायरीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले की तू पाटीचा अर्थ आता खऱ्या अर्थाने आचरणात आणते आहेस, मला आनंद वाटतो. काकूंनी मान डोलावली. आनंद वाटत असेल तर वाटू दे, त्याने पोट तरी भरेल.

पोट काही भरत नव्हतं. चूल काकांना पेटेना. लाकडं ओली होती, ती उन्हात घालावी लागतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे काकू रोज घालत होत्या. धूर मात्र मुबलक झाला. तीन दिवस त्यांनी काकड्या आणि शेंगदाणे खाल्ले आणि त्याला प्रयोग असं नाव दिलं. सदऱ्याला वास येऊ लागला. भिजलेला पायजमा पिळल्याविना तसाच दोरीवर घातल्याने दोन दिवस वाळला नाही, आणि काका ओला पायजमा घालून चिंतनाला बसले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कुणीतरी उंटावरून खाली उतरवलं होतं.

ऐकायला मजा वाटते, पण काकूंना मजा वाटत नव्हती. धुराने काका खोकायला लागले की काकू आपोआप अर्ध्या उठायच्या. एकदा तर त्या उठून दारापर्यंत गेल्याही. मग तिथेच थांबल्या. आज फुंकणी हातात घेतली तर उद्या पाणी, परवा पायजमा, आणि रविवारपर्यंत पायरी गेली. आपला जीव असा दारात अडकवून ठेवल्याबद्दल त्यांना काकांचा आणखीनच राग आला. त्या परत जाऊन बसल्या. त्या दुपारी चिमणी आली की नाही ते त्यांना कळलंही नाही, इतकं लक्ष खोकल्याकडे होतं.

मुलीचा फोन आला. मुलगी शहरात औषधांच्या दुकानात असते. काकांनी तिला काहीबाही सांगितलं असणार, कारण फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली की आई, अगं बाबांचं वय बघ जरा. काकू म्हणाल्या, बघितलं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत, म्हणजे माझं दोन वर्षांनी तेच होणार आहे. तू माझं वय कधी बघितलंस ते सांग. मग मुलगी हळूच म्हणाली की भाजी कोणती केलीस आज, आणि मग दोघी भाजीवर बोलल्या.

खरं घोडं अडलं ते गुरुवारी. शहरातल्या एका संस्थेची तीस माणसं येत्या रविवारी यायची होती. महिन्यापूर्वी ठरलं होतं, आणि काकांनी कळवलं होतं की आमच्या हातचं साधं जेवण जेवूनच जा. काकांनी घसा खाकरला. पाणी आलं नाही. मग त्यांनी विचारलं, रविवारचं काय करायचं?

"रविवारी तुमचे पाहुणे येणार आहेत," काकू म्हणाल्या.

बास. काकांनी त्या लोकांना फोन करून सांगायचं होतं की आपापला डबा आणा, किंवा या आणि मिळून शिजवू. लोक आनंदाने तयार झाले असते. पण तसं सांगायचं तर आजवर कोण शिजवत होतं तेही ओघाने सांगावं लागलं असतं. नाक मोठं असलं की मार्ग अरुंद होतात.

रविवारी सकाळी काकू वाफ्यात असताना फाटकाशी रिक्षा थांबली. गावातल्या खानावळवाल्याचा माणूस तीन मोठे डबे घेऊन उतरला. काकांनी त्याला घाईघाईने मागच्या दाराने आत घेतलं. मग काकूंनी खिडकीतून जे पाहिलं ते त्यांना स्वतःला खरं वाटेना. साठीचा माणूस, पाटी लावणारा, पलीकडच्या खोलीत उकिडवा बसून खानावळीतला भात डब्यातून मातीच्या मडक्यांत भरत होता. आमटी सांडली ती सदऱ्याने पुसली. डबे अंथरुणाच्या ढिगाखाली सरकवले. आणि मग, हे तर सांगतानाही लाज वाटते, त्यांनी चूल पेटवली. वर काही ठेवलं नाही. खाली काकूंनी वाळवलेली लाकडं, वर ओली, धूर छपरातून बाहेर दिसावा म्हणून. काकांनी तळहाताला थोडी काजळी फासून घेतली.

काकूंना वाटलं, आता ओरडावं. इतक्या जोरात की रस्त्यापर्यंत जावं. अरे माणसा, नुसत्या धुरासाठी तुला चूल पेटवता आली, आणि माझ्यासाठी एकदाही नाही? पण त्या आत गेल्या, चुलीत पेटलेलंच आहे तर त्यावर आपले मूठभर तांदूळ ठेवले, शिजवले, आणि आपलं ताट वाढून घेतलं.

तीस माणसं आली. मास्तरीणही त्यांच्यातच होती, वही घेऊन. काका बोलले, पण त्या दिवशी बोलणं लांबलं नाही. पंगत बसली, मडकी फिरली, लोक म्हणाले, व्वा, चुलीवरच्या जेवणाची चवच वेगळी. काका मान खाली घालून वाढत होते. काकू आपलं ताट घेऊन आल्या आणि पंगतीच्या टोकाला बसल्या. इतक्या वर्षांत पाहुण्यांबरोबर त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या. मास्तरणीच्या ते लक्षात आलं. तिने काकूंच्या ताटात पाहिलं, मग आपल्या ताटात पाहिलं, आणि विचारलं की तुमचं जेवण वेगळं कसं?

काकांच्या हातातला डाव थांबला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. चौतीस वर्षांत या माणसाने काकूंकडे अनेक वेळा पाहिलं होतं, चहासाठी, चष्म्यासाठी, सदऱ्याच्या बटणासाठी. आज भिऊन पाहत होता. काकूंच्या तोंडात सगळं तयार होतं. डबे, अंथरूण, काजळी. एक वाक्य पुरेसं होतं. आणि जीभ अशी शिवशिवत होती की विचारू नका.

"हे मी माझ्यापुरतं केलंय," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून मी फक्त माझं काम करते. त्याआधी इथे कुणाचं काम कोण करत होतं ते ह्यांना विचारा. आणि बाई, वहीत तेवढी एक दुरुस्ती करा. मला चिंतनाची आवड आहे."

एवढं बोलून त्या जेवू लागल्या. काकांचं खोटं त्यांनी काकांपाशीच ठेवलं. ते उचलणंही त्यांचं काम नव्हतं.

तीस माणसं काकांकडे बघत राहिली. काकांनी डाव मडक्यात ठेवला. मग म्हणाले, "जेवण खानावळीतनं आणलंय." आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "आधीचं सगळं ही करायची."

पंगतीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लोक भराभर जेवले, कुणी घड्याळ पाहिलं, कुणाला उन्हाची काळजी वाटू लागली, आणि बघता बघता अंगण रिकामं झालं. गडबडीत ताट विसळायचंही कुणाला सुचलं नाही. मास्तरीण तेवढी थांबली होती, तिने आपलं ताट नेऊन राखेने नीट घासलं, काकूंना नमस्कार केला, काकांना केला नाही आणि गेली.

एकोणतीस ताटं, वाट्या, मडकी. विहिरीपाशी ढीग लागला. काकू आपलं ताट घासून पायरीवर जाऊन बसल्या. दुपारचे दोन वाजले होते.

काका ढिगापाशी उभे राहिले. मग बसले. पहिली दोन ताटं त्यांनी नुसत्या पाण्याने धुतली, तेलकट राहिली, पुन्हा घेतली. राख कुठे असते ते त्यांना सापडायला वेळ लागला. कळशीमागून कळशी ओढली. पाचव्या कळशीला हात सोलला, त्यांनी तो पाहिला आणि सहावी ओढली. प्रत्येक ताटाच्या आवाजाला काकूंचे खांदे हलत होते. असं नाही, उलटं धरा, कडेने घासा, असं ओठापर्यंत येत होतं. तिथून पायरीपर्यंतचं अंतर दहा पावलं. देवाला त्या म्हणाल्या, मला धरून ठेव, मी उठेन. आजवर त्यांनी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, हे पहिलंच. रागही होता, दयाही येत होती, आणि दया आली म्हणून पुन्हा राग येत होता. पण त्या बसून राहिल्या, आणि हळूहळू खांदे हलायचे थांबले. ताटं वाजत होती, ती कुणाची तरी ताटं होती, आपली नव्हती.

पाच वाजायला आले तेव्हा काकांची पाठ वाकेनाशी झाली. ते विहिरीच्या कठड्याला टेकून बसले. सदरा भिजला होता, कपाळाला राख लागली होती. काकूंकडे न पाहता त्यांनी विचारलं, "रोज एवढं असायचं?"

"रविवारी एवढं असायचं. रोजचं वेगळं."

काका चुकलं म्हणाले नाहीत, आणि काकूंनाही ते ऐकायची घाई नव्हती. तो शब्द उच्चारून माणूस पुन्हा ओसरीवर जाऊन बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. मग काकांनी दुसरं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"तू इथे बसून काय करतेस दुपारभर?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही. त्यालाच वेळ मिळत नव्हता."

काकांनी एकदा पायरीकडे पाहिलं. मग हात टेकून उठले आणि उरलेल्या अकरा ताटांकडे वळले. काकू उठल्या नाहीत.